मेलेला चुना

प्रिय ओयदिन,

तुझं लग्न ठरल्याचं तुझ्या आईनं परवा बाजारात सांगितलं. अभिनंदन न करताच मी पिशवी उचलून निघालो. दोन वर्षं मी तुमची गल्ली टाळतोय.

तुझे वडील एशमुरोद आणि मी बावीस वर्षं बरोबर होतो. जिझाखबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही कापसाच्या पऱ्हाट्या वाफेत तापवून गॅस काढायचो. नुसत्या पऱ्हाट्यांचा गॅस डांबरट, कमअस्सल. भाजलेला चुना मिसळायची कल्पना एशमुरोदची. चुन्यानं कार्बन डायऑक्साइड शोषला आणि हायड्रोजन जवळजवळ दुप्पट झाला. त्या दिवशी आपल्या या गुरुजीचे खांदे गदागदा हलवत तो म्हणाला, “दोमला, माझ्या ओयदिनच्या शाळेतली शेगडी आता यावरच पेटणार!” शाळेचं निमित्त होतं, घेत होता ते तुझंच नाव.

पण तोच चुना पुन्हापुन्हा वापरला की थकतो. दोन वर्षांपूर्वी, त्या डिसेंबरात तो राखेत मिसळून दगडासारखा घट्ट होऊ लागला. एशमुरोद म्हणाला, “हा चुना मेलाय, दोमला. भट्टी थंड करू, नवा भरू.” त्याला दोन दिवस लागले असते आणि दुसऱ्याच दिवशी ताश्कंदहून पाहुणे भट्टी बघायला यायचे होते. मी खेकसलो, “आता तू मला रसायनशास्त्र शिकवणार? उद्यापर्यंत ओढ.” तो हसला. “ओढतो की. गाढवच आहे मी तुमचं.” आमचं शेवटचं बोलणं एवढंच.

पहाटे नळी तुंबली आणि झाकणाच्या सांध्यातून गॅस बाहेर आला. त्यातल्या विषारी भागाला वास नसतो. मी पोचलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, गाल लालसर, डुलकी लागल्यासारखा. मी त्याला दोनदा हाक मारली.

चौकशीत मी लिहून दिलं की भट्टी बंद करायला सांगूनही त्यानं ती चालूच ठेवली. दफनानंतर तू विचारलंस, “काका, बाबांनी असं का केलं हो?” मी म्हणालो, “थकला होता गं.”

गेल्या सोमवारी खरं लिहून मी कचेरीत नेलं. साहेबानं कागद न वाचताच परत सरकवला. प्रकरण बंद झालंय म्हणे. आता ते कुठेच नोंदलं जाणार नाही. पण तुझी आई सांगत होती, सासरच्यांनी वडिलांबद्दल विचारलं तेव्हा तू मान खाली घालून म्हणालीस, “चूक त्यांचीच होती.” म्हणून हे पत्र. त्यांची नव्हती, पोरी. पुन्हा कुणी विचारलं तर मान वर ठेव आणि माझं नाव सांग.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेला,
मीरहोसिलकाका