बिशपचा विमा

वाल्पाराइसो,
मंगळवार, १४ मे २०२४

एर्मिनिया,

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, डॉक्टर इतुरियागांच्या दवाखान्यात, चारचौघांसमोर, तू माझा कुत्रा, माझा बिशप, चोरल्याचं उघड झालं. बाकी मी बरी आहे. तूही बरीच असशील. परवा चादरी वाळत घालताना दिसलीस.

बिशपसाठी आरोग्य विमा घ्यायचं मी ठरवलं. हसू नकोस. आठवडाभर तीन कंपन्यांची पत्रकं भिंग लावून वाचते आहे. एक फक्त अपघाताचे पैसे देते. दुसरी आजारपणाचेही देते, पण आधीपासूनचा आजार सोडून. तिसरीत अंत्यविधीसुद्धा आहे; आपल्यासाठी एवढा विचार कुणी केलाय का? कंपनीतल्या मुलीला मी विचारलं, "कुत्र्याला मोतीबिंदू झाला तर?" ती म्हणाली, "ओबदुलियाबाई, हे अजून कुणी विचारलं नव्हतं." मग काय उपयोग? शाळेत मदर क्लोतिल्दे बजावायच्या, सही करण्याआधी शेवटची ओळ वाचा. मी सगळ्याच वाचल्या आणि दुसरी कंपनी निवडली.

त्या कंपनीला आधी बिशपची तपासणी हवी होती. डॉक्टरांनी त्याच्या मानेवरून यंत्र फिरवलं, ते वाजलं आणि पडद्यावर नोंद उघडली.

"बाई, याच्या कातडीखाली नोंदणीची चिप आहे की! नाव मेरेंगे. मालकीण एर्मिनिया उर्सुआ."

"कोण मेरेंगे?" मी ओरडले. आणि त्या निर्लज्जानं कान टवकारून शेपटी हलवली!

म्हणजे नगरपालिकेनं चौकात फुकट चिप बसवल्या, त्या दिवशी तू त्याला नेलंस. आपल्या टेकडीवर गल्लीतला कुत्रा सगळ्यांचा असतो; पण दोरी ज्याच्या हातात त्याच्या नावावर, हे तुलाच सुचायचं. रोज जेवण झालं की तो कुठे जातो आणि पोट टम्म करून कसा येतो, हे कोडं मला केव्हापासून पडलं होतं. आता खरं सांग. काय घालतेस? चीज? ते त्याला बाधतं. तुझ्याकडे तो मांडीवर डोकं ठेवतो का? माझ्याकडे ठेवत नाही. का ठेवत नाही?

विमा एकाएकी कशाला, असं विचारशील. पत्रकं आली म्हणून. नुसतं कुतूहल.

बरं, तेवढंच नाही. त्या रविवारी तो पायऱ्या चढताना मध्येच खाली बसला. वर उघड्या खिडकीत तू होतीस, समोर मी दारात. तो एकदा तुझ्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. आपण दोघीही जागच्या हललो नाही. आधी कोण जाणार, हा प्रश्न. शेवटी वाणी उचलून घेऊन आला आणि म्हणाला, "घ्या, दोन घरचा पाहुणा!" आईचं शिवणयंत्र तुझ्याकडे गेल्यापासून आपण बोलत नाही, हे त्या मुक्या जनावराला कोण समजावणार?

डॉक्टर म्हणतात, पाय अजून चांगले आहेत, नुसता थकवा. पण आठ वर्षांच्या कुत्र्याला ती कंपनी नव्यानं घेत नाही, आणि सही फक्त नोंदलेल्या मालकिणीची चालते. "हा आठचा कधी होणार?" मी विचारलं. डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं. "येत्या शनिवारी. अठरा मे."

एर्मिनिया, रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्याची तारीख कुणालाच ठाऊक नसते. वर्ष दातांवरून ठरवतात. दिवस तू सांगितलास. वर्षात इतके दिवस असताना तू माझा वाढदिवस का दिलास? ज्या दिवशी तू दोन वर्षं माझं दारही वाजवलं नाहीस, तोच का?

याचं उत्तर मला लेखी हवं. वाण्याबरोबर निरोप नको, खिडकीतून मान हलवणं नको. शुक्रवारी, सतरा तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत. पाचला विमा कार्यालय बंद होतं. मी दुपारपासून तिथल्या बाकावर बसलेली असेन, बिशपला घेऊन. किंवा मेरेंगेला.

तुझी थोरली बहीण,
ओबदुलिया