मिरजेत वाचलेलं पान

प्रिय वासंती,

जुळलं गं! शब्दन् शब्द जुळला! गेल्या महिन्यात व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं शॉर्टहँडचं पान तू कुरकुरत उलगडून दिलंस, वर सुनावलंस की इन्स्टिट्यूटमधली डिक्टेशनं अजून सांभाळतेस, तिकडे हॉलंडात, न्यूनेनमध्ये, तुला दुसरे उद्योग नाहीत का. अगं, ते आपलं डिक्टेशन नव्हतंच. सत्तरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका चर्चमध्ये टिपलेलं होतं ते.

ईशानीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी मी अमेरिकेच्या राज्यघटनेबद्दल इंटरनेटवर शोधायला बसले. पोरीचं काम आठवड्यात संपलं, मी मात्र तिथेच अडकले. जुने खटले, पत्रं, सभांचे वृत्तांत, सगळं घरबसल्या वाचायला! एका कॉलेजच्या संग्रहात बेचाळीस वह्यांचे फोटो दिसले. खाली लिहिलेलं, हे वाचणारं कुणी मिळत नाही. तिकडे बहुतेक जण शॉर्टहँडची दुसरी पद्धत शिकायचे. या वह्या लिहिणारी बाई मात्र आपलं पिटमन लिहायची. लग्न झाल्यापासून अंबरीश ज्याला कोंबडीचे पाय म्हणतो, तेच! चहा गार झाला, पण मी पहिलं पान वाचून काढलं.

तेव्हा तिथे काळ्या माणसांना मतदार यादीत नाव घालायचं तर घटनेतलं कलम वाचून त्याचा अर्थ कारकुनाला पटवावा लागे. पटवून घ्यायचं की नाही, ही त्याची मर्जी. या परीक्षेच्या तयारीसाठी चर्चमध्ये वर्ग चालायचा. तू वाचलंस त्या पानावरची कपडे धुणारी बाई तीनदा नापास होऊन आली होती. कुणीतरी सुचवलं, ती दमली असेल, या खेपेला तिला राहू दे. त्यावर ती म्हणते, दमले की नाही ते मला विचारा, मी जाणार आहे. इतकी वर्षं हे कुणी वाचलंच नव्हतं, वासंती! आणि संग्रहाचा नियम असा की दोघांनी एकमेकांना न विचारता तेच वाचलं, तरच ते नोंदीत घेतात. म्हणून तुला काही बोलले नव्हते. सोमवारी पान संकेतस्थळावर आलं. खाली माझं नाव आणि पुढे नुसतंच 'दुसरी वाचक, मिरज'. मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की शेजारच्या डच आजी काय झालं म्हणून बघायला आल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. हायकोर्टाच्या स्टेनोच्या परीक्षेचे अर्ज निघाले, तेव्हा इन्स्टिट्यूटच्या सरांनी मला विचारलं होतं, वासंती बसेल का? तुझा वेग माझ्यापेक्षा मिनिटाला वीस शब्द जास्त. मी म्हटलं, तिच्या घरचे नाही पाठवणार. तुला विचारलंसुद्धा नव्हतं. मी परीक्षा दिली, मला नोकरी लागली, आणि बावीस वर्षं तू समजतेस की सर तुला विसरले. ते विसरले नव्हते गं. मला फार लाज वाटते त्याची. आता कॉलेजने उरलेल्या वह्यांसाठी विचारलंय, तुमची मैत्रीण आमच्याबरोबर काम करेल का, तिचं नाव काय लावू? मी कळवलं, ते तीच सांगेल. त्यांचा पत्ता सोबत पाठवतेय. हो म्हण, नाहीतर मला चार शिव्या घालून नाही म्हण. पण उत्तर तुझं तू लिही.

वेगात कायम तुझ्या मागे राहिलेली,
तुझीच
नीरजा