मावशीच्या घरी गेलेलं भूत

प्रिय मावशी,

पोरं घरी गेली. अंगणवाडीचं दार लोटून घेतलंय आणि पोरांच्या बुटक्या टेबलावर हे लिहायला बसलेय. पातेलं घासायचं राहिलंय, हजेरी भरायची राहिलीय, पण आज आरोहीनं जे केलं ते पाहिल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. उद्या सकाळच्या जीपने तुमची सुनंदा शहापूरला सासरी परत जातेय. त्याच्या आत मला तुमच्याशी बोलायचंय.

तुमच्यासारखी भुताची गोष्ट अख्ख्या मुरबाड तालुक्यात कुणाला जमली नसती, हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. चुकलंच माझं. भातलावणीच्या वेळी पावसात पांघरायचं ते जुनं पानांचं इरलं तुम्ही डोक्यावरून घ्यायचात, वाकायचात आणि घोगऱ्या आवाजात विचारायचात, "कोनाच्या घरी जाऊ?" पोरं ज्याचं नाव घेतील त्याच्या घरी भूत जाणार. तिथे पोरं सांगतील ते काम त्याला करावं लागणार. कुणाकडे तांदूळ निवडायचे, कुणाकडे कोंबड्या टोपलीखाली डालायच्या. मग सगळी मिळून भुताला जेवू घालणार आणि हाताला धरून वेशीवर सोडून येणार. घर म्हणजे खोलीतला एक कोपरा आणि वेस म्हणजे अंगणवाडीच्या दाराचा उंबरठा.

म्हशाच्या जत्रेतून मी हौसेनं आणलेला मुखवटा तुम्ही मला परत केला होतात. भुताचे पाय उलटे असतात, तेव्हा पोरांना आधी माझे पाय बघू देत, सरळ दिसले की ती भितील पण रडणार नाहीत, असं तुमचं म्हणणं. मी प्रशिक्षण घेतलेली सेविका, तुम्ही मदतनीस, आणि हे तुम्ही मला शिकवायचं!

त्या दिवशी तुम्ही आरोहीला विचारलंत, तर ती चार वर्षांची चिमुरडी म्हणाली, मावशीच्या घरी. सगळी हसली. भूत निघालं. आणि नेमक्या तेव्हाच पर्यवेक्षिका मॅडम तपासणीला आल्या. मी घाईघाईनं सांगितलं, मावशी, इरलं काढा, राहिलेलं उद्या. तुम्ही माझ्या कानाशी आलात. "बाय गो, भूत अजून माज्या घरीच हाय. त्याला घालवून येते न मग काढते." मी डोळे वटारले.

इरलं खुंटीला लावताना तुम्ही आणखी एक सांगितलंत. डावा हात सकाळपासून भरून आलाय. या वयात इरलं घेऊन वाकल्यावर दुसरं काय होणार, असं मी म्हटलं आणि लगेच वजनकाटा मांडायला लावला. चौदा पोरं तुम्ही एकेक करून काट्यावर उचलून ठेवलीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही चुलीपाशी कोसळलात. जीप मुरबाडला पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

एकदाच का सांगितलंत हो? आमटीत मीठ कमी पडलं तर दिवसभर ऐकवायचात. हाताचं मात्र एकदा बोलून गप्प बसलात!

तेराव्याला सुनंदानं मला बाजूला घेतलं. "बाई, आई आदल्या दिवशी कायतरी बोलली असंल ना? काय दुखतंय-खुपतंय?" मी म्हटलं, नाही गं, चांगल्या हसत होत्या. हसत होतात हे खरंच आहे. बाकीचं मी गिळून टाकलं.

इकडे आरोही यायचीच बंद झाली. तिची आई सांगत आली की पोरगी धड जेवत नाही, तुमच्या घरावरून जायचं म्हटलं की रडते, आणि विचारलं तर मी भूत पाठवलं एवढंच म्हणते. मी मोठ्या शहाणपणानं घरी जाऊन पोरीला समजावलं की मावशी देवाघरी गेल्या. तर तिनं विचारलं, भुताबरोबर?

म्हणून आज तिला आईबरोबर बोलावून घेतलं आणि इरलं मी घेतलं. आरोही आईच्या मागून पुढे आली, वाकून माझे पाय तिनं नीट पाहिले आणि हे बाईंचे आहेत असं सगळ्यांना सांगून टाकलं. मी म्हटलं, हो, मावशी आता येणार नाहीत. त्यांच्या छातीत दुखलं आणि त्या मेल्या. भुताचं काम आता माझ्याकडे आहे. तिनं खिचडीच्या पातेल्याकडे बघितलं. मग म्हणाली, तर मावशीच्या घरातलं भूत उपाशी असेल.

ही पोरं! वाटीत खिचडी घेऊन सगळी वरात तुमच्या दारात आली, आणि इरल्याखाली मी. सुनंदा आत भांडी बांधत होती. मी काही सांगायच्या आत आरोही तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मी भूत पाठवलं तुज्या आईकडं. मग ती मेली."

सुनंदा हातातलं भांडं ठेवून खाली बसली. तिला जवळ ओढून म्हणाली, "नाय गो माजी बाय. त्यानं कायपन नाय केलं. आईनं त्याला च्या पाजला असंल." आरोहीनं वाटी चुलीपाशी ठेवली, भुताचं, म्हणजे माझं, जेवण होईपर्यंत थांबली, मग माझा हात धरून मला गावाच्या खऱ्या वेशीपर्यंत ओढत नेलं आणि सांगितलं, जा आता. परत येताना ती उड्या मारत होती.

मावशी, त्या पोरीच्या हातून काहीच घडलं नव्हतं. तरी तुमच्या लेकीसमोर उभी राहून ती सगळं बोलून मोकळी झाली. मीही तिथेच होते, इरल्याआड तोंड लपवून. माझ्या हातून घडलं होतं, आणि मी गप्प राहिले.

कसली भीती वाटते मला? सुनंदा रडेल याची? मला चार शब्द ऐकवेल याची? की गावात बाई म्हणून जो मान आहे तो जाईल याची? त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं तर तुम्ही वाचला असतात की नाही, मला ठाऊक नाही. पण तिनं विचारलं होतं, आणि तिला खरं कळायला हवं होतं.

आता उठते. पातेलं तसंच राहू दे, तुम्ही चिडलात तरी चालेल. सुनंदा अजून घरी आहे. तुम्हाला शब्द देते, सकाळची जीप सुटायची वाट बघणार नाही. आत्ता जाईन, तिच्यासमोर बसेन आणि सांगेन, सुनंदा, तुझ्या आईनं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

तुमची,
रंजना