स्पडची परीक्षा आणि माझी टोपी

प्रिय डेला आत्या,

नमस्कार. शुद्धलेखनाचं आधीच माफ कर. उशीर झाला त्याचंही. आजोबांच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करतोय (दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर मेंढी उभी राहिली, नख काळं पडलंय, बाकी ठीक). एकेक अक्षर शोधेपर्यंत पुढे काय लिहायचं होतं तेच विसरतो. तुझी कंबर कशी आहे? स्पोकेनला बर्फ वितळलं का? तुझ्या बाबांचे गुडघे तसेच आहेत, तोंडही तसंच आहे.

आपल्या कुत्र्याचं, स्पडचं सांगायचं होतं. शनिवारी ट्वेट बाई आल्या होत्या. मेंढ्यांवरच्या कुत्र्यांत आपल्या अख्ख्या मोंटानात त्यांचा शब्द शेवटचा (हसताना कोणी पाहिलेलं नाही). त्यांची कुत्री फर्न माजावर यायची आहे, तिला स्पड चालेल का ते बघायला. आजोबांनी आधीच सांगून टाकलं होतं, बाई हो म्हणाल्या तर ठीक, नाही तर गुरुवारी नेऊन खच्ची करतो, उगाच कुंपणाच्या तारा तोडून गावभर हिंडतोय. मला तर स्पडचंच पिल्लू हवंय, आत्या. त्याच्या तोंडावर पांढरे केस आलेत. त्याच्यानंतर मी काम कोणाबरोबर करू? माणसांबरोबर?

तर बाईंनी दात बघितले, खुबे दाबले, डोळ्यांत बॅटरी मारली, शेपूट उचलून जे बघायचं ते बघितलं. स्पडला लाज वाटली नाही, मला वाटली. म्हणून मी ट्रकच्या मागे गेलो. (शेजारचे ऑरिन काका आणि आणखी वीसेक माणसं आली होती. कामाशिवाय. नवरदेव बघायला आल्यासारखी, वर टेबल मांडून गाजराचा केकसुद्धा.) बाई म्हणाल्या, "रूप झालं. आता काम दाखवा." आजोबांनी शिट्टी मारली. स्पड बसून राहिला. आजोबा ओरडले. स्पडने जांभई दिली. मग आजोबा असे ओरडले की ऑरिन काकांचं घोडं पळालं, पण स्पड हलला नाही.

"अरे, नवरदेव बहिरा निघाला!" ऑरिन काका म्हणाले. "लग्न मोडलं. निदान केक तरी वाढा!"

बाईंनी फर्नचा पट्टा हातात घेतला आणि गाडीकडे निघाल्या.

आता तुला माहितीय, आजोबांचे गुडघे गेल्यापासून मेंढ्या मीच बघतो. आणि मला ओरडता येत नाही. (शाळाही त्यामुळेच सुटली, उभं राहून मोठ्याने वाचायला लावायचे.) म्हणून स्पडला मी न बोलताच शिकवलंय. टोपी मागे सारली की डावीकडून जा. हात खिशात, बस. नाक खाजवलं की हळू पुढे हो. टोपी डोळ्यांवर ओढली की सगळ्या मेंढ्या माझ्याकडे घेऊन ये. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात आजोबा ओरडले, "पोरा, काय करून ठेवलंस रे या कुत्र्याचं?" सगळी माणसं ट्रकमागे वाकून माझ्याकडे बघायला लागली. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी टोपी डोळ्यांवर ओढली.

मला दिसलं काहीच नाही, फक्त ऐकू आलं. आधी खुरं. मग टेबल. मग ऑरिन काका, "केक! अरे, केक!" टोपी वर केली तर चाळीस मेंढ्या माझ्याभोवती, एकीच्या कानावर केकचं क्रीम, आणि पलीकडे स्पड, पुढे काय म्हणून माझ्याकडे बघतोय.

ट्वेट बाई मेंढ्यांमधून वाट काढत आल्या. म्हणाल्या, "परत कर." सगळ्यांसमोर, आत्या! पण मेंढ्या तर परत न्यायलाच हव्या होत्या. मी टोपी मागे सारली. मग नाक, मग खिसा. स्पडने कळप असा उचलून नेला जसं भरलेलं ताट नेतात. मेंढ्यांच्या वाड्याचं फाटक लावलं तेव्हा सगळी कुंपणाला टेकून बघत होती. ऑरिन काकासुद्धा, केक विसरून.

"कुत्रा लायक आहे," बाई म्हणाल्या. "आजोबा ओरडतात फार." आणि हसल्या! दात आहेत त्यांना.

तब्येतीला जप.

तुझा,
आर्डन

ता. क. रिवाजाप्रमाणे नराच्या मालकाला एक पिल्लू मिळतं. आजोबांनी पिल्लाऐवजी बाईंचं जुनं गवत ओढायचं यंत्र मागून घेतलंय. निघताना बाईंनी मला विचारलं, "तुला काही हवंय का?" मी नाक खाजवलं. स्पड हळूहळू त्यांच्यापर्यंत गेला, पण त्यांना कळलं नाही. तर तू त्यांना फोन करून सांगशील का, की पिल्लू मला हवंय? मोठ्याने ओरडून डुकरं बोलवायच्या स्पर्धेत तू तीनदा पहिली आलीस, तुला काय जड आहे.

ता. क. २. लवकर कर. मीच त्यांना चार वेळा फोन लावला होता. त्या आजोबांना सांगत होत्या, कोणीतरी फोन करून नुसतं श्वास घेतं आणि ठेवून देतं, आता शेरीफला कळवणार.

ता. क. ३. हो, आपलं लाकडी चर्च विकलं. काल ट्रकवर घालून अख्खंच्या अख्खं पलीकडच्या गावाला नेलं. घंटा बांधायची विसरले, रस्ताभर वाजत गेली.