थर्मामीटर, आतोबांचं दूध आणि रविवारची मीटिंग

दोहा, गुरुवार

ती. अलकाआत्या,

इथूनच पाया पडते. तुमचे गुडघे आणि माझी कंबर पाहता लांबूनच बरं. शुगर कशी आहे? (खरी सांगा. आतोबांना सांगता ती नको.) तिळगुळाचा डबा पोचला. लाडू फुटून चुरा झालाय, पण मी आणि खालच्या मजल्यावरची लिझी तो चमच्याने खातो.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो' म्हणते, अशी आपली तीस वर्षांची रीत आहे. आज मला बोलायचंय. कागदावर लिहून फोटो तुमच्या शेजारच्या नीताला पाठवते आहे, ती छापून देईल. दुसरं पान वाचू नकोस असं तिला बजावलंय, म्हणजे तिने ते आधी वाचलं असणार.

तुमच्या घरात शिकायला राहिले तेव्हाचा कायदा मला अजून पाठ आहे. ज्याने चूक केली त्याला एक धपाटा, आणि ज्याने दुसऱ्याची येऊन सांगितली त्याला दोन. पियूषदादाने थर्मामीटर फोडला तेव्हा आतोबांच्या छडीचे वळ आठवडाभर होते, पण तुम्ही कौतुकाने म्हणालात, माझं पोरगं स्वतःहून बोललं, कुणाची चहाडी केली नाही. कराडात ही गोष्ट तुम्ही अजून सांगता. मी तेव्हा ठरवलं होतं की जन्मात कुणाचं नाव घ्यायचं नाही.

आता इथला कायदा उलटा निघाला. आमच्या क्लिनिकमध्ये प्रत्येकाकडून सही करून घेतात: डॉक्टर असो की नर्स, रुग्णाच्या जिवाशी खेळ झालेला दिसला की वर कळवायचं. पाहून गप्प बसलं तर तोही गुन्हाच. नर्स म्हणून लागताना मी ती सही न वाचताच केली होती. ज्याच्या शब्दावर नोकरी मिळाली तो पियूषदादा डॉक्टरचा कोट घालून शेजारीच उभा होता. म्हणाला, फॉर्मॅलिटी असते गं, कर.

झालं ते असं. उजमा नावाची एक शिक्षिका घसा दुखतो म्हणून आली. सिमोनाने, आमच्या वसईच्या पोरीने, तिची माहिती घेतली. पेनिसिलिन चालत नाही, लहानपणी जीव जाता जाता वाचला होता, असं उजमा म्हणाली आणि सिमोनाने ते कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये लिहिलं. मी मागे उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत लिहिलं. दादाच्या दाराशी तेव्हा चौदा माणसं होती. त्याने न पाहता त्याच जातीची गोळी लिहून दिली. संध्याकाळी उजमाचं तोंड सुजून श्वास अडकला. ॲम्ब्युलन्समधून मोठ्या हॉस्पिटलात गेली, चार दिवस राहिली, वाचली. देवाची कृपा.

चूक कुणाकडूनही होते, आत्या. दादाकडून झाली तेव्हा मला त्याची कीवच आली. पण दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर ॲलर्जीच्या रकान्यात 'काही नाही'. आता सगळे म्हणतात, नर्सने विचारलंच नाही. सिमोना चोवीस वर्षांची आहे, बापाचं डायलिसिस तिच्या पगारावर चालतं. रविवारी दुपारी मीटिंग आहे, तिथे तिने खुलासा द्यायचाय. गेली तर नुसती नोकरीच नाही, नर्सिंगचं लायसन्सही जाईल. कॉम्प्युटरला खाडाखोड कुणी केली ते ठाऊक असतं म्हणे, पण त्याला विचारायला कुणीतरी सांगावं लागतं.

मी दादाशी बोलायला गेल्या शुक्रवारी अल मन्सूराहून त्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या घरी गेले. तिथे आपली माणसं जमलेली. परदेशात मराठी डॉक्टर म्हणजे गावची विहीर, जो येतो तो दोर टाकतो. मी तोंड उघडलं की कुणीतरी जीभ बाहेर काढून दादासमोर उभं राहायचं. वसंतरावांनी तर साबुदाणा वडा हातात धरून पायमोजा काढला. दोन तासांनी दादा स्वयंपाकघरात एकटा सापडला. मी सगळं बोलले. तो म्हणाला, "जया, बाई बरी झाली ना? मग खलास. सिमोनाचं बघू, इन्शाल्ला." मी म्हटलं, बघणार म्हणजे काय करणार? तो नळाखाली हात धूत राहिला. दोनदा साबण लावला. मला त्याचा फार राग आला, आणि रडूही आलं.

घरी येऊन वर कळवायचा तो फॉर्म उघडला. 'संबंधित व्यक्तीशी आपलं नातं' असा एक रकाना आहे. आधी 'सहकारी' लिहिलं. खोडलं. 'कझिन' लिहिलं. त्यात आते, मामे, चुलत सगळे एकाच पोत्यात गेले, आणि तुमच्या घरची दहा वर्षं कुठेच दिसेनात. तो रकाना अजून कोराच आहे.

तर असं चाललंय. बाकी सगळं ठीक. तुम्ही काळजी करू नका, वेळेवर जेवा, आतोबांना कोवळ्या उन्हात बसवा.

तुमची,
जया

ता. क. काळजी करू नका हे उगाच लिहिलं. काळजी करा. रविवारी सकाळी सात वाजता मी फॉर्म पाठवणार आहे, तो रकाना भरून. त्याआधी दादा स्वतः जाऊन बोलला तर त्याला काहीतरी किंमत राहील. माझं तो ऐकत नाही. तुमचं ऐकतो. शनिवारी त्याला सुट्टी असते, फोन करा. मला दोन धपाटे द्यायचे असतील तर मी मे महिन्यात येते आहे.

ता. क. २. थर्मामीटर मी फोडला होता. शाळा बुडवायची म्हणून आतोबांच्या गरम दुधाच्या पेल्यात बुडवला, तो तडकला, पारा दुधात गेला, आणि मी गोधडीत शिरले. आतोबा पेला उचलायला निघाले तेवढ्यात दादा धावला, दूध मोरीत ओतलं आणि मग म्हणाला, मी फोडला. इतकी वर्षं मला वाटायचं, त्याने मला वाचवलं. पण तो आधी दुधाकडे धावला होता, आत्या. अकरा वर्षांचा होता. फोनवर त्याला रागावू नका. त्या दिवशी दूध का ओतलंस, एवढंच विचारा.