तेहेतीस तबकड्यांचं वाण

मु. हट्टा, ता. वसमत
धोंड्याचा महिना, दुपार, लाईट नाही

प्रिय शिवशंकरराव यांस, भागवतदाजींचा नमस्कार.

पत्राची सुरुवात खुशालीनं करायची रीत आहे, म्हणून कळवतो की इकडे सगळे टिकून आहेत. तुमची ताई ठणठणीत आहे, तुमची भाची कोमल सुट्टीला आली आहे ती मोबाईलमध्ये ठणठणीत आहे, म्हैस व्यायली, हळद वाळून शेडमध्ये पडली आहे. माझ्या कानांचं मात्र खात्रीनं सांगता येत नाही. तुमची आणि पुनमवहिनींची तब्येत कशी आहे, नव्या फ्लॅटमध्ये रुळलात का, ते कळवावं. (जागा पुरत असावी असा माझा अंदाज आहे, कारण जागा अडवणारं सगळं आता माझ्या माजघरात आहे.) फोन असताना दाजी पत्र का लिहीत बसले असं तुम्हाला वाटेल. फोनवर बोलताना तुमची ताई शेजारी उभी राहते आणि मी काय बोलायचं ते हातानं दाखवते. पत्राला तेवढी मोकळीक असते.

तर तुमची पेटी पोचली. ट्रॅव्हल्सवाल्यानं ती फाट्यावर अशी उतरवली की जणू त्याच्याच डोक्यावरचं ओझं गेलं. मी आणि आणखी एकानं मिळून ती घरात आणली. वजनावरून मला वाटलं, शिवशंकररावांनी अनारशांबरोबर पाटा-वरवंटाही धाडला. उघडून बघतो तर काळ्या तबकड्या, आणि त्या वाजवायचा डबा. मग तुमचा मेसेज आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहेतीस अनारसे द्यायचे, कारण अनारशाला भोकं असतात. तबकडीलाही मधोमध भोक असतं, मोजून तेहेतीस भरल्यात, आणि फिरतातही तेहेतीसच्याच वेगानं, तेव्हा वाण म्हणून गोड मानून घ्यावं. शिवशंकरराव, तुम्ही इंजिनियर झालात ते बरं केलंत. भटजी झाला असतात तर धर्म राहिला नसता.

मी हसून पेटी बाजूला सरकवणार होतो. पण तुमची ताई हसली नाही. तिनं पेटीला हळदीकुंकू लावलं, दिवा लावला, मला टोपी घालून पाटावर बसवलं आणि एक तबकडी मांडीवर ठेवून मला ओवाळलं. हे सगळं शेजारची चंदाबाई भिंतीवरून बघत होती. (तिचा भाऊ आदल्या आठवड्यात गाडी घेऊन आला होता. डबाभर अनारसे, चांदीचा दिवा, आणि जाताना बहिणीला दोन दिवसांसाठी घेऊनही गेला.) चंदाबाईनं विचारलं, काय आलं गं वाण? तुमची ताई म्हणाली की आमच्या शिवानं इंग्रजी वाण धाडलं, असं कोणाकडं आलं नसंल. इथवर ठीक होतं. संध्याकाळी मी सुचवलं की दोन-चार ठेवून बाकीच्या भंगारवाल्याला देऊ. तेव्हा तिनं नियम सांगितला. तो मी आधी कधी ऐकला नव्हता, पण बायकोच्या माहेरचे नियम आपल्याला गरजेपुरतेच सांगितले जातात.

“वाण जावयानंच खायचं असतं,” ती म्हणाली. “अनारसा खाल्ला की पुण्य लागतं. ही आयकली की लागंल. अर्धी टाकायची न्हाई.”

अशा रीतीनं मी, ज्याचं संगीत म्हणजे लग्नातला बँड, सप्ताहातलं भजन आणि ट्रॅक्टरवर जे लागेल ते, तुमच्या तरुणपणातल्या सगळ्या विलायती तबकड्या दोन्ही बाजूंनी ऐकायला बसलो. रोज सकाळ-संध्याकाळ ओसरीवर डबा, डब्यापुढे मी. मला त्यातलं काही कळतं असा माझा दावा नाही. पण एवढं खाल्ल्यावर माणसाला चवीबद्दल बोलायचा हक्क मिळतो, म्हणून चार गोष्टी मोकळेपणानं लिहितो.

हे लोक गाणं म्हणायला बसतात, पण म्हणत नाहीत. एका तबकडीची अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं. कोमलनं पाकिटामागचं वाचून सांगितलं की त्यात एक राजा मरतो, त्याचा आत्मा डोंगर चढतो आणि वर त्याला एक म्हातारं कासव भेटतं. मी कासवाची वाट बघत बसलो. ते आलं की नाही मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण डोंगरावर असतानाच लाईट गेली. परत आली तेव्हा व्होल्टेज कमी होतं, त्यामुळे राजा बसलेल्या आवाजात सावकाश पुन्हा मरायला लागला. दुसऱ्या एकीत ढोलवाला एकटाच सुटतो, बाकीचे बहुतेक चहाला गेलेले असतात. आमच्या हळद पॉलिश करायच्या ड्रमचा आवाज हुबेहूब असाच येतो, फरक एवढाच की त्यातून शेवटी हळद निघते. पेटीसारखं काहीतरी वाजवणारा एक आहे. आमचा भजनातला पेटीवाला सूर धरून बसतो, हा सुरांच्या मागे काठी घेऊन धावतो. संपलं म्हणून मी पायात चपला घालाव्यात, तर पुन्हा सुरू. आमच्या कीर्तनकाराला निदान भूक तरी लागते.

चित्रं मात्र मन लावून काढलेली आहेत, हे मान्य करतो. एकावर हवेत तरंगणारी जमीन आहे, हिरवीगार, कडेनं पाणी खाली सांडतंय. मी त्या चित्रापुढे बराच वेळ बसलो. विहीर नाही, कॅनॉल नाही, रस्ता नाही, आणि पीक आमच्यापेक्षा चांगलं. अशा जमिनीची मोजणी कशी करत असतील, आणि बांधावरून भांडण झालं तर दोघं उभे कुठं राहात असतील, याचा विचार करता करता ती बाजू कधी संपली ते कळलं नाही. ऐकण्याचा तेवढा एकच दिवस मला सुखाचा गेला.

दगडोबाचं प्रकरण तुम्हाला कळलं नसेल. दगडोबा धनगर दर उन्हाळ्यात आपल्या रानात मेंढरं बसवतो. त्याला जागा मिळते, आपल्याला लेंडीखत. त्या दिवशी मी जी तबकडी लावली तिची सुरुवातच गडगडाटानं होते. विजा काय, वारा काय, गारा काय, आणि लांबून कोणीतरी बाई हाका मारते. मी डोळे मिटून बसलो होतो. दगडोबानं वर बघितलं, आभाळ निरभ्र, पण त्याचा डोळ्यांपेक्षा कानांवर विश्वास जास्त. त्यानं सगळी मेंढरं हाकून आमच्या शेडमध्ये घातली, वाळलेल्या हळदीवर. मी धावत गेलो तोवर ती हळदीत बसली होती, लोळली होती. बाहेर काढली तर अख्खा कळप पिवळा. लग्नाच्या आदल्या दिवसाची नवरी दिसते तशी एकेक मेंढी ओसरीपुढून चालत गेली. दगडोबा उलट माझ्यावरच चिडला, की एवढं गडगडून राहिलं अन् तुमी काहून बसून राहिले. मी त्याला समजावलं की बाबा, हे गाणं आहे. त्यानं घोंगडी खाली ठेवली, डब्याजवळ उकिडवा बसला आणि अर्धी बाजू मान खाली घालून ऐकली. मग अगदी साधेपणानं विचारलं, “मंग गानं कवा हाय, मालक?”

मी सुई उचलली. उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवा, तो अजून विचारतो.

यानंतर जे झालं ते लिहावं की नाही असा विचार करत होतो, पण लिहितो. एक तबकडी निळ्या चित्राची आहे, पाण्यात अर्धं बुडालेलं देऊळ. ती लावून मी नेहमीप्रमाणे भिंतीला टेकलो. तुमची ताई आत भाकरी थापत होती. मधेच ती पिठाचे हात घेऊन बाहेर आली, कोपरानं डब्याची कड हलकेच दाबली, सुई जिथं अडकणार होती तिथून सरळ पुढं गेली, आणि ही पुन्हा आत. मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. ती गुणगुणत होती. शब्द नसलेला भागसुद्धा, बासरीसुद्धा, कुठं थांबायचं तेसुद्धा. मी विचारलं, तर तव्याकडं बघतच बोलली.

“शिवा कालेजातून जवळा बाजारला घरी यायचा तवा हीच लावायचा. आयकता आयकता झोपून जायचा. सुई मीच उचलायचे.”

शिवशंकरराव, आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, ही बाई गुणगुणते हे मला माहीत नव्हतं. मला वाईट वाटलं. का ते नीट सांगता येत नाही, पण वाटलं.

असो. शेवटची तबकडी संपली तेव्हा मी सुटलो म्हणून आंघोळ केली. बाहेर येऊन बघतो तर तुमच्या ताईनं पेटी रिकामी करून तबकड्या मोजायला घेतलेल्या. बत्तीस भरल्या. निळ्या देवळाची नव्हती. मी म्हटलं, परवाच तर ऐकली. ती म्हणाली, ऐकली म्हणजे मोजली असं होत नाही, आणि शिवाला लहानपणापासून मोजायची तकलीफच आहे. कोमल म्हणाली उंदरानं नेली असेल. मी आजवर पुष्कळ उंदीर पाहिले, पण गाण्याची आवड असलेला पाहिला नाही. एकंदरीत निकाल असा लागला की वाण अधुरं आहे. अधुरं वाण घरात राहणं बरं नाही, आणि अमावास्येला महिना संपायच्या आत ते पुरं झालं पाहिजे. मी वाद घातला नाही. एवढ्या तबकड्या ऐकल्यावर माणसात वाद घालायची ताकद राहात नाही.

तेव्हा विनंती एवढीच की मिळेल ती एक तबकडी पार्सलनं पाठवून द्यावी. शक्यतो गाणं छोटं असावं आणि त्यात हवामान नसावं. पुनमवहिनींना नमस्कार सांगावा. थकलो आहे, अधिक लिहवत नाही.

तुमचा दमलेला जावई,
भागवत

ता. क. तबकडी पार्सलनं पाठवू नये. वर लिहिताना एक गोष्ट राहिली. वाण अधुरं निघालं तर देणाऱ्यानंच सोता येऊन पुरं करायचं असतं, आमच्यात बराबर असंच हाय, असं तुमच्या ताईचं म्हणणं आहे. हा नियमही मी याआधी ऐकला नव्हता.

ता. क. दुसरा. काल पोत्याचं तोंड शिवायला दाभण शोधत होतो. वरच्या फळीवर, गोधड्यांच्या घडीत, तुमच्या आईंच्या हिरव्या लुगड्यात काहीतरी चपटं गुंडाळलेलं हाताला लागलं. मी सोडून पाहिलं नाही, पाहायची गरज नव्हती. होतं तसं ठेवून दिलं. त्याच्याच शेजारी तुमच्या ताईची पिशवी होती. महिना लागायच्या आधी तिनं ती भरून ठेवली होती, शिवा न्यायला येईल म्हणून. पेटी आली त्या दिवशी तिनं पिशवी रिकामी केली आणि मग मला टोपी घालून ओवाळलं. आई गेल्यापासून जवळा बाजारचं घर राहिलं नाही, तेव्हा तिचं माहेर म्हणजे आता तुम्हीच, तुमचा फ्लॅट कितीही लहान असो. हे मी तुम्हाला सांगितलं असं तिला कळू देऊ नका.

ता. क. शेवटचा. या. काही आणू नका, तेहेतीस पुऱ्या आहेत. मी फाट्यावर उभा राहीन. ती दारातच विचारेल, आणलीस का राहिलेली? तेव्हा म्हणा, ताई, विसरलो. म्हणजे तुम्हाला पुन्हा यावं लागेल.