तक्रार क्रमांक २१७

गुरुवार, ५ फेब्रुवारी

माझ्यावर अन्याय झाला आहे. इतिहास दखल घेणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

पाच महिने आधी काढलेलं तिकीट. ओळ चौदावी, आसन एकतिसावं. हिवाळी खेळांचं उद्घाटन आमच्या गावात, उडीच्या टेकडीच्या पायथ्याशी — आयुष्यात एकदाच येणारी गोष्ट. आज रंगीत तालीम होती आणि तिकीटवाल्यांना आपापली जागा बघून जायला बोलावलं होतं. गेले. बसले. समोर जाळं! हिरवं, चार मजली उंच, उडीच्या उताराच्या कडेने वरपासून खालपर्यंत टांगलेलं. त्याच्या पलीकडे व्यासपीठ. भाषण करणाऱ्या साहेबांचा मला एक कान आणि अर्धी मिशी दिसत होती.

नवरा म्हणाला, "बाकीचा अर्धा बघण्यासारखा नाहीये, मी पाहिलाय."

पण मी हक्काची प्रेक्षक. तक्रार खिडकीवर अर्ज मागून घेतला आणि तिथेच उभ्याने खरडला. 'हे उद्घाटन आहे की मच्छरदाणीत निजलेल्या पाहुण्याची भेट? आम्ही डास नाही, तिकीट काढलेली माणसं आहोत.' खाली नाव, आणि नावाखाली — गरज नव्हती, पण लिहिलंच — 'दर शनिवारी सदर लिहिते.' खिडकीतल्या मुलीने शिक्का मारला. क्रमांक २१७.

जाळं कशासाठी असतं हे विचारायचं राहिलं. ताईच्या मुलीला विचारता आलं असतं, ती याच टेकडीवरून, पायाला बर्फावर घसरायच्या फळ्या बांधून, उडी मारणार आहे. अंगाने इतकी बारीक की घरात सगळे तिला सुतळीच म्हणतात. पण ती सरावात होती आणि मला तक्रारीची शेवटची ओळ सुचली होती.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

जाळं उतरवलं!

संध्याकाळी निरोप आला. 'आपल्या मौल्यवान सूचनेचा आदर करून...' वगैरे. नवऱ्याने दोनदा वाचला. "तुझ्या लेखणीने वीस वर्षांत प्रथमच काहीतरी हललं," म्हणाला. मी ते कौतुक समजून घेतलं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

उद्घाटन. घरी येऊन गरम पाण्यात पाय बुडवून बसले आहे आणि किळस काही केल्या जात नाही.

मला सगळं दिसलं. साहेबांचे दोन्ही कान, अख्खी मिशी. सात भाषणं झाली. पाचवं 'खेळाडूंची सुरक्षितता' या विषयावर होतं आणि ते करणारा माणूस दोन कोट, टोपी आणि पायाशी शेगडी एवढ्या बंदोबस्तात उभा होता. खेळाडू समोर. पातळ जाकिटात, दोन तास चाळीस मिनिटं, बर्फावर. त्यातल्या कित्येकांना उद्या सकाळी सरावाला उतरायचंय.

आणि आम्ही प्रेक्षक! माझ्या मागचे आजोबा: "किती रेंगाळत चालतायत, ही कसली पोरं." शेजारची बाई फोनच्या पडद्यातून बघत होती, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे "त्यात जास्त छान दिसतं." कडेने एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. कुठल्या संघाची कोण जाणे. आमच्या ओळीत दोघे-तिघे उठून उभे राहिले. मदतीला नव्हे. नीट दिसावं म्हणून.

मीही उठले होते. लिहायचंच तर सगळं लिहावं.

सुतळीचा संघ समोरून गेला तेव्हा मी वेड्यासारखा हात हलवला. तिने बघितलं नाही. ती टेकडीकडे बघत होती, जाळ्याच्या रिकाम्या खांबांकडे. मला वाटलं, पोर भारावलीय.

रविवार, ८ फेब्रुवारी

सुतळीचा फोन. आवाज नेहमीसारखा, म्हणजे झोपेतून उठल्यासारखा.

"मावशी, तुला माहितीये जाळं का काढलं?"

मी म्हटलं, "का ग, ते कशाला असतं?"

मग तिने सांगितलं. या टेकडीवर वारा डावीकडून येतो. उडी मारणारी उताराच्या टोकावरून सुटली की तिच्या पायाखाली काही नसतं, फक्त दोन फळ्या आणि हवा. तेवढ्यात बाजूने झोत आला की एक फळी उचलते आणि माणूस हवेतच आडवा होतो. जाळं तो झोत मोडतं. बस, तेवढंच काम त्याचं. वर कट्ट्यावर प्रशिक्षक झेंडी घेऊन उभा असतो, वारा पडला की झेंडी खाली करतो आणि मुलगी सुटते. "पण झेंडी पडल्यावर वारा उठला तर त्याला कोण काय करणार?" हे ती इतकं साधेपणाने म्हणाली की मला पुढचं ऐकूच येईना.

"मग बांधा ना परत!" मी म्हटलं.

"चाळीस माणसं, दोन दिवस लागतात. माणसं व्यासपीठ उचलायला नेलीत. शिवाय कॅमेरावाल्यांना उघडं दिसतंय ते आवडलंय."

"काढलं तरी कुणी?"

"कुणा प्रेक्षकाची तक्रार होती म्हणे."

"असेल कुणीतरी मूर्ख," मी म्हटलं. आणि हसले. मी हसले! ती म्हणाली, "बरं मावशी, ठेवते."

सोमवार, ९ फेब्रुवारी

मुलींचा सराव बघायला गेले. घरी बसवेना.

अकरावी मुलगी पडली. सुतळी नव्हे — आणि ती नाही हे कळल्यावर मला जे बरं वाटलं, त्याचीही आता लाज वाटतेय. दुसऱ्या संघाची होती. चांगली सुटली होती. मग डावा पाय असा उचलला गेला, कुणी मुद्दाम धरून ओढावा तसा. गळपट्टीचं हाड आणि गुडघा मोडलाय, संध्याकाळी कळलं. जिवाला धोका नाही.

स्ट्रेचर यायच्या आत मोठ्या पडद्यावर तीच उडी परत दाखवली. मग हळू करून. मग दुसऱ्या बाजूने. एकूण सहा वेळा. प्रत्येक वेळी लोकांनी "ओह" केलं, आणि सहाव्या ओहमध्ये थोडी निराशा होती, कारण आता सवय झाली होती. माझ्या पुढचा माणूस मुलाला खांद्यावर घेऊन म्हणाला, "बघ बघ, आता पडेल."

निवेदक: "कार्यक्रम दहा मिनिटांत पूर्ववत सुरू होईल. तोवर गरम पेयांचा आस्वाद घ्या."

घेतला. रांग लावून.

रात्रीच्या बातम्यांत आयोजकांचं निवेदन. जाळं 'प्रेक्षकांच्या आग्रहावरून' उतरवलं, आणि जाळ्यावरच्या मुकादमाने लेखी हरकत घेतली नाही म्हणून त्याला कामावरून दूर केलंय. तोंडी घेतली होती का, हे कुणी विचारलं नाही. नवऱ्याने टीव्ही बंद केला. माझ्याकडे न बघता बंद केला, हे मला दिसलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

तक्रार मागे घ्यायला गेले. तीच खिडकी, तीच मुलगी. तिने आत पाठवलं. आत एक अधिकारी, टेबलावर शेंगदाण्याएवढी शाल पांघरलेलं कुत्र्याचं बाहुलं — खेळांचं शुभचिन्ह.

"मागे घेता येणार नाही, बाई. निकाली निघालीय."

"मग नवी करते. जाळं नाही म्हणून."

त्याने अर्ज पुढे सरकवला. खुणा करायला चौकोन होते: दिसत नाही. ऐकू येत नाही. आसन मोडकं. थंडी वाजते. स्वच्छतागृह.

"यात माझी तक्रार बसत नाही," मी म्हटलं. "मला दिसतं. फार दिसतं."

"दिसतं ही तक्रार कशी होईल?" तो खरंच गोंधळला होता. चांगला माणूस असावा, घरी मुलांचा अभ्यास वगैरे घेणारा. "बघा, तुमच्यामुळे चौदा ओळींची सोय झाली. बाकी कुणी आभार मानायलासुद्धा येत नाही."

"जाळ्याबद्दल एकूण किती तक्रारी होत्या?"

त्याने यादीवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. पार्किंग, स्वच्छतागृह, स्वच्छतागृह, पार्किंग.

"एकच," म्हणाला. "पण सदराचं नाव वाचलं आणि साहेब म्हणाले, हिने छापलं तर हसं होईल. काढून टाका."

वीस वर्षं मी तक्रार करते की माझं कुणी वाचत नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

संपादकांना म्हटलं, या शनिवारी सगळं लिहिते, नावासकट. ते म्हणाले, "बाई, वाचक तुमच्याकडे हसायला येतो. खेळ संपू देत." मग आवाज खाली आणून: "पुरवणीत त्यांची पानभर जाहिरात आहे." संपादकांची मला किळस आली असं लिहिणार होते. पण त्यांनी निदान कारण तरी सांगितलं. मी सुतळीला तेही सांगितलेलं नाही.

दुपारी ताईचा फोन. सुतळीने एकोणीसपैकी अकरा मुलींच्या सह्या घेतल्यात — जाळं बांधल्याशिवाय उडी नाही. पहिली सही तिची. आयोजक म्हणतायत, जी उडणार नाही तिने सामान बांधावं.

"तू समजाव तिला," ताई म्हणाली. "तुझं ऐकते ती. नऊ वर्षांची होती तेव्हापासून पहाटे उठतेय. गुडघे बघितलेस तिचे? म्हातारीचे झालेत. एक उडी, मग काय हवं ते कर म्हणावं. तू तिथे आहेस म्हणून मी निर्धास्त आहे."

मी "हं" म्हटलं.

"आणि ती तक्रार करणारी नतद्रष्ट बाई कोण आहे, सापडू दे एकदा मला."

"बाई आहे हे कसं कळलं तुला?"

"सुतळी म्हणाली."

फोन ठेवला. कोट चढवला आणि मुलींच्या वसतिगृहावर गेले. सुतळी पायऱ्यांवर बसून फळ्यांना मेण लावत होती.

मी उभ्यानेच सांगितलं. "तक्रार माझी होती."

ती मेण लावत राहिली. "माहितीये."

"कधीपासून?"

"शनिवारपासून. कपडे बदलायच्या खोलीत लावलाय ना तो कागद, नाव कापून. मच्छरदाणी आणि डास — मावशी, असं आणखी कोण लिहिणार?"

"मग रविवारी मला विचारलंस ते..."

"सांगतेस का बघत होते."

यापेक्षा तिने ओरडायला हवं होतं. मी शेजारी बसले. म्हटलं, तुझी आई म्हणते, उडी मार. तिने विचारलं, "आणि तू?" मी म्हटलं, मला सांगायचा अधिकार राहिलेला नाही. "तो नकोच आहे," म्हणाली. "तुला काय वाटतं ते विचारतेय."

"नको मारूस," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मेणाचा गोळा माझ्या हातात दिला आणि दुसरी फळी मांडीवर घेतली.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आयोजक नमले. शहाणपण सुचलं म्हणून नाही. अकरा जणी नसतील तर टीव्हीवरची दीड तासाची वेळ भरायची कशाने, हा प्रश्न त्यांना पडला. स्पर्धा उद्या दुपारवर ढकलली, मुकादमाला घरून बोलावून आणलं. दोन दिवसांचं काम एका दिवसात. माणसं सव्वीसच होती. मग सकाळी गावात भोंगा फिरला — ज्यांना जमेल त्यांनी टेकडीवर या.

गेले. नवराही आला, कंबर धरून.

मुकादम साठीचा असेल. मफलर, बोटांना चिकटपट्ट्या. मला विचारलं, "काय काम करता?"

"लिहिते."

"मग गाठ येत नसेल." त्याने एकदा मारून दाखवली. दोरी खांबाच्या कडीतून, स्वतःवरून, परत खालून. माझी सुटली. त्याने परत दाखवली.

तिसऱ्या वेळेला मी सांगून टाकलं. "ती तक्रार मी केली होती. तुमची नोकरी त्यानेच..."

त्याने माझ्याकडे बघितलं. वरती माणसं दोरी ओढत होती आणि खाली कुणीतरी "सोडू नका, सोडू नका" म्हणत होतं.

"हो का," म्हणाला. "मग हे टोक धरा. घट्ट."

धरलं. दिवे लागेपर्यंत धरलं. मध्ये एकदा तो माझ्या गाठी तपासत आला, दोन सोडल्या, पुन्हा मारल्या, बाकीच्या तशाच ठेवल्या. अंगठे सुजलेत, ही ओळ कशीबशी लिहितेय.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

अठरा जणींची नावं यादीत होती. गुडघा मोडलेलीच्या जागी त्यांच्या संघाने दुसरी दिली होती. आमच्या संघाने पहिली सही करणारीला वगळलं — 'शिस्तीचा प्रश्न.' तिच्या जागी कुणी नाही.

वारा डावीकडून होता. अठराही जणी नीट उतरल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पेयांच्या रांगेत गेले.

सुतळी दुपारपासून आमच्या आतल्या खोलीत झोपलीय, बूटही न काढता. ती का उडली नाही, हे ताईला अजून कळलेलं नाही. दार ओढून घेतलं आणि फोन लावला. आधी माझं सांगितलं, मग तिचं.